नाणं जुनं, गोष्ट नवी: नाणी घेताना होणारे गैरसमज

चंदीगडमध्ये जुनी नाणी शोधणाऱ्याची एक अडचण पुण्या-नाशिकच्या संग्राहकाच्या चटकन लक्षात येत नाही. हे शहरच जुनं नाही. नव्या राजधानीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झालं ते ७ ऑक्टोबर १९५३ रोजी. मनीमाजरासारखी वस्ती सोडली, तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली सराफी पेढी आणि तिच्या तिजोरीतलं जुनं नाणं हा प्रकार इथे जवळपास नाहीच. माल येतो तो पतियाळा, अंबाला, लुधियाना, अमृतसरकडून. नाणं आपल्यापर्यंत पोहोचेस्तोवर ते दोन-चार हातांतून गेलेलं असतं आणि प्रत्येक हात त्याला एखादी गोष्ट चिकटवतो. पुष्कळ लोक नाण्याऐवजी त्या गोष्टीचेच पैसे मोजतात. नोकरीनिमित्त इथे येऊन राहिलेल्या मराठी संग्राहकांसाठी आणि पंजाब-हरियाणाच्या सहलीत ‘काहीतरी जुनं’ घेणाऱ्यांसाठीही या गोष्टी तपासून पाहायला हव्यात.

‘हे गुरू नानकांचं नाणं आहे’

या भागात सर्वांत जास्त फसवणूक याच एका वस्तूवर होते. पितळेची किंवा चांदीची गोल चकती, एका बाजूला गुरू नानक आणि त्यांच्यासोबत त्यांचे सहचर बाला-मर्दाना, दुसऱ्या बाजूला गुरू गोविंदसिंग किंवा गुरुमुखीतला मजकूर, आणि बऱ्याचदा १८०४ हा आकडा. विकणारा शपथेवर सांगतो की हे शीख राज्याचं चलन आहे.

हे चलन कधीच नव्हतं. तीर्थयात्रेची आठवण म्हणून भाविकांसाठी बनवलेली ही टोकनं आहेत. १८०४ हे विक्रम संवत धरलं, तर ते इसवी सन १७४७ च्या आसपास येतं. शीख मिसलींनी, म्हणजे सरदारांच्या लढाऊ जथ्यांनी, लाहोर जिंकून तिथे रुपया पाडला तो १७६५ मध्ये. त्याआधीची शीख सेनानी बंदा बहादूर यांच्या काळातली नाणी इतकी दुर्मिळ आहेत की ती पदपथावर मिळण्याचा प्रश्नच येत नाही.

खरा नानकशाही रुपया वेगळाच दिसतो. चलनातल्या नेहमीच्या रुपयावर गुरूंची चित्रं नाहीत. फारसी मजकूर आहे, आणि अमृतसरच्या टांकसाळीच्या रुपयावर ठसठशीत पान. त्यावर महाराजा रणजितसिंगांचं नाव नाही, कारण त्यांनी नाणी गुरूंच्या नावाने पाडली. अमृतसरच्या पुष्कळ रुपयांवर १८८४ किंवा १८८५ हे संवत मोठ्या अक्षरांत वर्षानुवर्षं तसंच ठेवलेलं असतं आणि खरं वर्ष बारीक आकड्यांत कुठेतरी कोपऱ्यात असतं. वजन साधारण ११ ग्रॅम.

असा रुपया हातात आला तर आधी कड पाहा. जुन्या पद्धतीत ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असे. त्यामुळे हातोड्याचा घाव बसला की मजकुराचा काही भाग चकतीबाहेर जाई. खऱ्या रुपयावर सगळी अक्षरं क्वचितच पूर्ण सापडतात. पान अर्धं कापलेलं असतं, एखादी ओळ मधेच संपते. अक्षरांच्या कडा मात्र धारदार असतात. याउलट अक्षर न्‌ अक्षर व्यवस्थित मावलेलं, पण कडा मऊ, मेण लावल्यासारख्या, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि कडेला बारीक शिवण असेल, तर ती साच्यात ओतलेली नक्कल समजा. नवशिक्याला नेमकी तीच जास्त आवडते, कारण ती ‘पूर्ण’ दिसते.

‘ज्याचं नाव, त्याचं नाणं’

पतियाळा संस्थानचा रुपया वाचायला घेतला की त्यावर अहमदशाह दुर्राणीचं नाव, सरहिंद टांकसाळ आणि राज्यवर्ष ४ असं मिळतं. पानिपतावरचा अहमदशाह तो हाच. साहजिकच मराठी माणसाच्या अंगावर काटा येतो आणि तो मागेल ती किंमत देऊन बसतो. प्रत्यक्षात पतियाळाच्या राजांनी ही ठेवण पुढे पिढ्यान्‌पिढ्या तशीच चालवली. राजा कोणता, हे बारीक चिन्हांवरून ओळखायचं असतं. आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? पेशवाईतल्या पुण्याच्या अंकुशी रुपयावर नाव मोगल बादशहाचं आणि अंकुशाची खूण आपली. चालू नाण्याची ठेवण बदलली तर बाजार ते घेईनासा होतो, म्हणून नाव जुन्याचं ठेवत.

शिवराईबद्दलचा गैरसमजही याच घरचा आहे. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ असा मजकूर दिसला की विकणारा राज्याभिषेकाचं वर्ष सांगतो. शिवराई महाराजांनंतरही, पेशवाईतसुद्धा, प्रचंड प्रमाणात पाडली गेली आणि एकोणिसाव्या शतकातही खेड्यापाड्यांत चालत होती. म्हणून उत्तरकाळातली झिजलेली अस्सल शिवराई आजही काही शंभर रुपयांत मिळू शकते. सोन्याचा शिवकालीन होन मात्र अत्यंत दुर्मिळ आहे. तो कुणी सहज पुढे केला, तर तिथून उठणंच बरं.

‘घरातल्या डब्यात लाखो रुपये पडलेत’

२०१२ साली वैष्णोदेवी देवस्थान मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ५ आणि १० रुपयांची नाणी निघाली. ती चलनात आली, लोकांनी वापरली, आजही सुट्ट्या पैशांत येतात. त्यांना लाखोंचा भाव मिळतो ही शुद्ध अफवा आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं, रामदरबार किंवा मारुती असलेलं ‘एक आण्याचं’ नाणं तर कंपनीच्या कोणत्याही टांकसाळीत पडलेलं नाही. तेही टोकनच.

या अफवांवर एक पूर्ण धंदा उभा आहे. ‘तुमचं नाणं आम्ही घेतो, आधी नोंदणीचे आणि कराचे पैसे भरा’ असा फोन येतो, सोबत रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलं की बँक असे व्यवहार करत नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या नावाने असं काही करण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही. तुमची वस्तू विकत घेणारा तुमच्याकडेच पैसे मागत असेल, तर तो गिऱ्हाईक नाही.

‘घासाघीस करून स्वस्तात मिळालं, म्हणजे फायदा’

भाव किती पाडला यावरून सौदा चांगला की वाईट हे ठरत नाही. त्या नाण्याचा चालू भाव आपल्याला आधी ठाऊक होता का, यावर ठरतं. ब्रिटिश काळातल्या चांदीच्या रुपयाचं उदाहरण घ्या. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी एकूण वजनाच्या निम्म्यावर आली, म्हणून त्या रुपयात ती जेमतेम ५.८ ग्रॅम भरते. १९४६-४७ चा रुपया निकेलचा, चांदी शून्य. त्या दिवशीच्या चांदीच्या दराने गुणलं की तळाची किंमत मिळते. तिच्याही खूप खाली कुणी ‘चांदीचा रुपया’ देत असेल, तर ते नशीब नव्हे, धोक्याची खूण आहे. सोबत लहान डिजिटल काटा आणि लोहचुंबक ठेवावा. चांदी चुंबकाला चिकटत नाही.

दुर्मिळतेचंही असंच. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया ‘डुकराचा रुपया’ म्हणून ओळखला जातो. राजाच्या गळ्यातल्या साखळीवरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि बहुतेक माल वितळवला गेला. तरी सुमारे ७ लाख रुपये बाहेर पडलेच होते. गोष्ट रंगतदार असली तरी नाणं अप्राप्य नाही. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया खरोखर दुर्मिळ आहे, आणि म्हणूनच १९३८ च्या रुपयावरचा शेवटचा आकडा बदलून तो बनवतात. तो भिंगाखाली पाहिल्याशिवाय घेऊ नये.

चालू भाव कळायचा कसा? मुंबईचे तोडीवाला, ओसवाल, बंगळुरूचे मरुधर, अहमदाबादचं क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी यांसारखी लिलावघरं सूची काढतात आणि कोणतं नाणं कितीला गेलं हे नंतर पाहता येतं. लिलाव फक्त श्रीमंतांचा असतो, हाही एक गैरसमजच. बोली न लावताही हे भाव वाचता येतात. बोली लावणारच असाल, तर हातोडी पडलेल्या रकमेवर लिलावघराचं कमिशन आणि जीएसटी चढतो, तो आधीच धरा. नव्या स्मारक नाण्यांसाठी तर मधल्या माणसाची गरजच नाही. सरकारी टांकसाळ संच थेट विकते. दुकानदाराचा भाव ऐकण्याआधी टांकसाळीचा भाव पाहावा.

विश्वासू विक्रेता

मोठं दुकान, प्रदर्शनातला कोपऱ्यावरचा स्टॉल, गोड बोलणं यांतली एकही गोष्ट पुरावा नाही. प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत प्रतवारी करून आलेलं नाणंही डोळे झाकून घेऊ नये, कारण डब्याही नकली निघतात. डबीवरचा क्रमांक प्रतवारी करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून छायाचित्र जुळतं का ते बघावं. मी विक्रेता पारखतो तो वेगळ्या कसोटीवर: तो ‘हे मला ठाऊक नाही’ असं म्हणतो का, आणि स्वतःच्याच मालातली खोट आपणहून दाखवतो का. कडेला कडी लावल्याची खूण, बुजवलेलं भोक, घासून पुसलेला पृष्ठभाग त्याने विचारण्याआधी सांगितला, तर तिथे पुन्हा जावं. हे पुसणं आपणही करू नये. चिंच किंवा पितांबरी लावून चकचकीत केलेलं नाणं संग्राहकाच्या दृष्टीने उतरतं, आणि गेलेला थर परत येत नाही.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. परवान्याबद्दल विचारण्यात संकोच नसावा. ‘शेतात नांगरताना हंडा सापडला’ असं सांगून कुणी नाणी दाखवली, तर ती घेऊच नका. अशा निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. घरोघरची मुलं कॅनडाला जाणाऱ्या या मुलखात आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. आजीचा नानकशाही रुपया आठवण म्हणून बॅगेत घालून परदेशी नेणं हाही गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे.

पैसे नाण्यावर घालण्याआधी थोडे पुस्तकावर घाला. शीख नाण्यांसाठी हान्स हेर्ली यांचं पुस्तक आहे. मराठ्यांच्या नाण्यांसाठी के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा १९८९ चा ग्रंथ आहे, आणि तो नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेने काढलेला आहे. आणि कुठेही खरेदी केलीत, तरी नाण्याचं नाव, टांकसाळ, वजन आणि ‘नकली ठरल्यास पैसे परत’ एवढं बिलावर लिहून मागा. जो लिहून देणार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.