पेटंटच्या आड बियाण्याची मक्तेदारी

परतूरकडे गायरानावर कापूस लावणाऱ्याला मोन्सॅन्टो हे नाव माहीत नसेल. पाकिटाचा भाव मात्र पाठ असतो. बीटी बियाणे 2002 साली आले ते आमच्याच जालन्याच्या महिकोमार्फत. 450 ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशेच्या घरात रुपये, त्यात मोठा वाटा जनुकाच्या शुल्काचा. आणि त्या पहिल्या जनुकावर भारतात पेटंटच नव्हते! आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा कुठे 2006 मध्ये भाव साडेसातशेवर उतरला.

पुढच्या, पेटंट घेतलेल्या जनुकाच्या करारांची चौकशी स्पर्धा आयोगाने 2016 मध्ये काढली. दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये ती रद्द केली. पेटंटधारकाचा गैरव्यवहार पेटंट कायद्याखालीच तपासायचा, म्हणे. आयोगाचे अपील 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फेटाळले.

आमचा सवाल साधा आहे. स्पर्धा आयोगाकडे कोणीही तक्रार नेऊ शकतो. पेटंट कायदा देतो तो सक्तीचा परवाना, म्हणजे तीच वस्तू स्वतः बनवण्याची मुभा. ती कारखानदाराच्या कामाची; दोन एकर गायरानवाल्याने परवाना घेऊन करायचे काय? केंद्राच्या 2015 च्या दरनियंत्रण आदेशामुळे पाकिटाचा भाव आवाक्यात राहिला. तो आदेश उद्या मागे घेतला, तर या माणसाने कोणाचे दार ठोठवायचे?