गाळलेल्या नोंदी कुठे शोधायच्या?

नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता फुटतो ते जाम हे वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं गाव. मोबाइलवर अशी गावं बहुधा वाटेतला थांबा म्हणूनच भेटतात: पेट्रोल पंप, ढाबे, पुढच्या शहराचं अंतर. याच तालुक्यात गिरडचा टेकडीवरचा दर्गा आहे आणि जिल्ह्यात सेवाग्राम, पण ते मुद्दाम शोधणाऱ्यालाच दिसतं. प्रवाशाला काय लागेल याचा अंदाज बांधून कुणीतरी आधीच निवड केलेली असते. या निवडीची ताकद मोठी आहे. यूट्यूबवर लोक जितका वेळ घालवतात, त्यातला सत्तर टक्क्यांहून अधिक वेळ यंत्राने केलेल्या शिफारशींमुळे मिळतो, असं त्या कंपनीचे नील मोहन यांनी २०१८ मध्ये सांगितलं होतं. म्हणजे बहुतेकांना जे सापडतं ते त्यांनी शोधलेलंच नसतं.

निवड करणं यात गैर काही नाही, निवडीशिवाय ढिगाऱ्यात काहीच हाती लागणार नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. काय गाळलं याचा माग लागत नसेल, तर निवड कितीही चांगली असली तरी तिच्यावर विसंबता येत नाही. याचा पुरावा वर्ध्याशी जवळून जोडलेला आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले आणि तिथून त्यांनी लिहिलेली असंख्य पत्रं त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या इंग्रजी खंडांत आहेत. पहिला खंड १९५८ चा, शंभरावा १९९४ चा; के. स्वामीनाथन हे दीर्घकाळ मुख्य संपादक. पुढे सुधारित आवृत्ती आणि सीडी निघाली. शोध सोपा झाला, पण मूळ खंडांच्या प्रस्तावना उडाल्या आणि कित्येक नोंदी गळाल्या. अभ्यासकांनी जुन्या छापील खंडांशी ताडून हे दाखवून दिलं आणि २००५ मध्ये सरकारला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. आज साबरमती आश्रमाच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर मूळ खंड वाचता येतात.

यावर कुणी म्हणेल, हा तर सरकारी प्रकाशनातल्या माणसांचाच घोटाळा, मग यंत्रालाच दोष का? प्रश्न रास्त आहे. संपादकही चुकतो, पूर्वग्रह बाळगतो. खेड्यातल्या माणसाला वर्षानुवर्षं छापील पानांवर जागा मिळाली नाही, ती यूट्यूबने दिली, हे नाकारणं अन्यायाचं होईल. पण गांधींच्या खंडांची चूक पकडता आली, कारण ताडून पाहायला जुनी प्रत कपाटात होती. मोबाइलच्या पडद्यावरची यादी माणसागणिक वेगळी असते, उद्या बदलते, आणि कालची आपल्याला परत पाहता येत नाही. तिच्यातून गिरड गळलं की गळल्याची तक्रार कुणाकडे आणि कशाच्या आधारे करायची? लोकांना हवं तेच दाखवतो, हा कंपन्यांचा युक्तिवादही इथेच लंगडा पडतो. जे अस्तित्वात आहे हेच ठाऊक नाही, ते माणूस मागणार कसं?

म्हणून मला मराठी विकिपीडियाची रीत अधिक भरवशाची वाटते. १ मे २००३ पासून स्वयंसेवकांनी चालवलेला हा कोश तोकडा आहे, त्यातल्या गावांच्या कित्येक नोंदी दोन-चार ओळींच्या आहेत. तरीही प्रत्येक पानामागे ‘इतिहास’ असतो: कुणी, कधी, काय घातलं आणि काय काढलं. समुद्रपूर तालुक्यातल्या एखाद्या शाळेने गिरड, जाम, मांडगाव यांची पानं नीट संदर्भ देऊन भरली आणि कुणी त्यातला परिच्छेद पुसला, तर तो परिच्छेद तिथेच मागच्या आवृत्तीत सापडेल, आणि चर्चापानावर त्याबद्दल जाब विचारता येईल.