जुंपल्याशिवाय खांदा कळत नाही

पहाटे ४:००

गॅरेजचं शटर अर्धंच वर केलं. हवेचं मीटर, टेप, टॉर्च आणि वही एवढंच घ्यायचं होतं. आज रविवार. जवळा बाजारच्या मार्केट यार्डात हळदीचं बीट म्हणजे लिलाव बंद, म्हणून आडतवाल्या काकांना सवड आणि मला काम. छत्रपती संभाजीनगरला जाऊन तीन गाड्या चालवून बघायच्या आणि त्यातली एक ठरवायची. काकांची जुनी डिझेल सेडान नऊ वर्षं माझ्याच हाताखाली आहे. तिचे दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर झालेत. आता त्यांना ताकदीची गाडी हवी. पुण्याहून आलेल्या त्यांच्या पोराला वेगाची हौस आहे, आणि काकूंनाही मीच आग्रह करून सोबत घेतलंय.

काकांच्या गोदामातून मी एक पोतं मागून घेतलं. पन्नास किलोची पॉलिश केलेली हळद.

"मिस्त्री, हे काय करायलाव? गाडी बघाय चाल्लोत का हळद इकाय?"

"काका, तुमच्या वडलांनी बैल घेतला तेव्हा जुंपून बघितला होता का नाही?"

काका काही बोलले नाहीत. पोत्याचं दुसरं टोक त्यांनीच धरलं आणि डिकीत ठेवू लागले.

सकाळी ६:००

औंढा नागनाथ मागं टाकून जिंतूरच्या रस्त्याला लागलो. पोरगा चालवत होता, मी शेजारी. रस्ता मोकळा होता, म्हणून बोलणं निघालं ते बैलांवरच.

माझे वडील माळेगावच्या यात्रेतून लाल कंधारी गोऱ्हा आणायचे. आधी जबडा उघडून दात बघायचे, दुसा म्हणजे दोन दातांचा आहे की चौसा, चार दातांचा. मग खांद्यावर हात फिरवायचे, कुठं आवाळू आहे का ते चाचपायचे. मग दहा पावलं चालवायचे, खूर कसे पडतात ते बघायचे. एवढं करूनही पैसे कमरेलाच असायचे. शेवटी गाडीला जुंपायचं, चाकं दोरानं बांधायची आणि ओढायला लावायचं. बसका बैल तिथंच खाली बसायचा. मारका, बुजरा, अंग चोरणारा, ज्याची जी खोड असेल ती तिथं उघडी पडायची. यात अख्खा दिवस जायचा, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

आता माणूस पंधरा-वीस लाखांची गाडी चार किलोमीटरच्या फेरीवर घेतो. तीही एकटाच बसून, एसी लावून, गुळगुळीत रस्त्यावर. पुढं आठ-दहा वर्षं तिच्यात बसतं सगळं घर.

सकाळी ८:३०

मंठा गेलं. जालन्यात चहा घेतला. काका ताकदीच्या गाडीच्या विचारात का पडले, ते इथं कळतं. जालन्याजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता मुंबईकडं मोकळा झाला. मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. हळदीच्या व्यवहारासाठी काकांना महिन्यातून दोनदा तिकडं जावं लागतं. जुन्या गाडीला १०० वर धाप लागते.

मी वही काढून पोराला हिशेब दाखवला. १२० च्या वेगात गाडी एका सेकंदाला ३३ मीटर जाते. समोर काहीतरी दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत एक सेकंद जातोच. तेवढ्यात ३३ मीटर गेले, आणि ब्रेक तर अजून लागलाच नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकनं थांबायचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. ६० ला जी गाडी पंधरा-सोळा मीटरांत थांबते, तिला १२० ला साठच्या वर लागतात.

"मामा, मग ताकदीची गाडी घेऊच नये का?"

"घ्यायची. ओव्हरटेकला ताकद पाहिजेच. ट्रकच्या बाजूला जितका कमी वेळ राहशील तितकं बरं. पण गाडी पळते किती हे कंपनी सांगतेच. थांबते कशी, ते आपण बघायचं."

सकाळी १०:००

शेंद्र्याची एमआयडीसी. रस्त्यावरूनच स्कोडाचा कारखाना दिसतो. २००१ मध्ये ऑक्टाव्हिया भारतात आली ती इथं जुळणी होऊन. पुढं तिची आरएस निघाली, १५० अश्वशक्तीची. तेव्हा मी परभणीत हाताखाली शिकत होतो. एकदा ती गाडी आमच्या उस्तादाकडं हवा भरायला आली, तर सगळी पोरं हातातले पान्हे-पक्कड टाकून तिच्याभोवती जमली होती. तेवढीच ताकद आज १५०० सीसीच्या घरगुती सेडानमध्ये मिळते.

या शहराला मोठ्या गाड्यांचं अप्रूप नाही. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. साधारण ६५ कोटींचा सौदा. मराठवाडा मागास म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. पण गटानं भाव पाडता येतो, बसण्याची जागा नाही ठरवता येत. ती ज्याची त्यानंच बसून बघावी लागते.

सकाळी १०:३०

पहिली गाडी स्कोडा स्लाव्हिया, दीड लिटरची टर्बो. १५० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क, सात गिअरची डीएसजी. चार सिलिंडरांपैकी दोन कमी भाराला आपोआप बंद होतात, तेवढंच पेट्रोल वाचतं. २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळालेत.

लायसनची झेरॉक्स दिली. सेल्समन पोरगा चावी घेऊन आला तर आम्ही पोतं उचलून उभे.

"काका, हे काय?"

"वसमतची हळद हाय. २०२४ ला भौगोलिक मानांकन मिळालेली," काका म्हणाले. "आमच्या डिकीत हीच असती."

सेल्समन क्षणभर थांबला, मग त्यानंच ताडपत्री अंथरली.

आधी मी रिकाम्या गाडीच्या मागच्या टायरवर, मडगार्डच्या कमानीखाली बोटं लावली. चार बोटं बसली. पोतं ठेवलं, काका-काकू मागं बसले, सेल्समन मधे, आम्ही दोघं पुढं. परत बोटं लावली तर अडीच बसली. कागदावर जमिनीपासूनची उंची १७९ मिलिमीटर असते ती रिकाम्या गाडीची. आपल्याकडं शाळेपुढं, मंदिरापुढं, कुणाच्याही दारापुढं जे गतिरोधक आहेत त्यांच्यावरून गाडी भरलेलीच जाते. म्हणून एक उंच गतिरोधक शोधून त्यावरून सावकाश तिरकी घेतली. पोट घासलं नाही. मी वहीत खूण केली.

मग टायर बघितला. बाजूला डीओटी अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. १८२४ असतील तर तो टायर २०२४ सालच्या अठराव्या आठवड्यातला. गाडीचे दात ते हेच. ताबा घ्यायच्या दिवशी नव्या गाडीचेही पाच टायर असे वाचून घ्या.

रविवार असल्यानं एमआयडीसीतला रस्ता निर्मनुष्य होता. आरशात मागं कुणी नाही हे दोनदा बघितलं, मागच्यांनाही पट्टे लावायला लावले आणि पोराला म्हणालो, "साठला ने. मी म्हटलं की ब्रेकवर उभा राहा. स्टिअरिंग सरळ. घाबरू नको."

पायाखाली ब्रेक थरथरला. ती थरथर म्हणजे एबीएस काम करतंय, चाक जाम होऊ देत नाही. पुष्कळ लोक तिला घाबरून पाय काढतात आणि अपघात तिथंच होतो. गाडी रेषेत थांबली. पोतं हललं, पण सुटलं नाही. पोराचा चेहरा गंभीर झाला होता. जोरात ब्रेक मारल्यावर गाडी काय करते, हे तो सात वर्षं गाडी चालवून आज पहिल्यांदा बघत होता.

दुपारी १:००

जेवण उरकून दुसरी, ह्युंदाई क्रेटा एन लाइन. दीड लिटर टर्बो, १६० पीएस, २५३ न्यूटन-मीटर. अठरा इंची चाकं. स्टिअरिंग आणि सस्पेन्शन मुद्दाम कडक बांधलेलं, वळणावर अंग टाकू नये म्हणून. पोरगा खूश होता. उंच बसल्यामुळं काकांनाही रस्ता नीट दिसत होता.

खराब रस्त्यावर मी बोललो नाही, काकूंकडं बघत राहिलो. त्या दर खड्ड्याला वरची दांडी धरत होत्या. काकूंच्या मणक्याचा त्रास सगळ्या घराला ठाऊक आहे. गाडी जशी बांधायची तशीच बांधली होती, तिच्यात उणं काही नव्हतं. एकट्या तरण्या माणसाला ती शोभेल. उन्हाचा ताव होता, म्हणून गाडी दहा मिनिटं उन्हात उभी करून मग एसी लावला आणि मागच्या सीटपर्यंत गार हवा किती वेळात पोचते ते घड्याळावर बघितलं. ते मात्र झकास.

दुपारी ३:००

तिसरी महिंद्राची बीई ६. विजेवरची, चाकणला बनलेली. ७९ किलोवॅट-तासाची बॅटरी, २८६ पीएस, ताकद मागच्या चाकांना. थांबलेल्या गाडीला १०० गाठायला कंपनीच्या आकड्याप्रमाणं ६.७ सेकंद लागतात. पोरानं पाय दाबला आणि आमची सगळ्यांची पाठ सीटला चिकटली. इंजिनाचा आवाज नाही, गिअर नाही. माझं आयुष्य पिस्टन-रिंगांत गेलं, तरी मी मनापासून सांगतो, अशी सलग ओढ मी पेट्रोलच्या कुठल्या गाडीत अनुभवली नाही. मराठी मुलखात अशी गाडी तयार होते याचा आनंद झाला.

मग परत वही काढली. घरी ७.२ किलोवॅटचा चार्जर लावला तर रिकामी बॅटरी भरायला अकरा-बारा तास. ज्याचं जाणं-येणं ठरलेलं आहे आणि ज्याच्या घरी वीज भरवशाची आहे, त्याच्यासाठी ही गाडी सोन्यासारखी. काकांना रात्री नऊला फोन येतो आणि पहाटे तीनला निघावं लागतं. वीज कधी जाईल याचा आमच्याकडं नेम नाही. गाडी चांगली आणि आपल्या कामाची, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

सायंकाळी ५:३०

परतीला जालन्यात पुन्हा चहा. मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. काकांनी काकूंना विचारलं, "तुमी सांगा."

"पहिलीत मला झोप लागली होती जरा," काकू म्हणाल्या. "दुसरीत हात दुखाय लागला."

पोरगा बराच वेळ कप फिरवत बसला. मग म्हणाला, "पप्पा, स्लाव्हियाच घेऊ. मला विजेवरची आवडली, खरं सांगतो. पण गाडीत सगळ्यात जास्त बसणार तुम्ही आणि आई. आणि ती ब्रेकला सरळ थांबली. मी आजवर फक्त शंभर किती सेकंदांत तेवढंच बघत होतो."

काका लगेच फोन काढू लागले, तर मी थांबवलं. अजून एक गोष्ट राहिली होती. रात्रीचा उजेड. दिव्यांचा झोत किती लांब पडतो, कडेला चाललेली बैलगाडी किती आधी दिसते, हे दिवसा कळत नाही. पुढच्या शनिवारी अंधार पडल्यावर अर्ध्या तासासाठी परत जायचं ठरलं. तोवर आगाऊ रक्कमही द्यायची नाही.

रात्री ९:४५

जवळा बाजार. पोतं गोदामात जागच्या जागी ठेवलं. दिवसभर चार गाड्यांतून फिरलं, पण शिवण कुठं उसवली नव्हती. काका मजुरी देऊ लागले. मी दिवसाची घेतली, जास्तीची नाही.

गॅरेजात एक जीप ओढून आणलेली उभी होती. पुढचे टायर गुळगुळीत, ब्रेकचे पॅड लोखंडापर्यंत झिजलेले. सुदैवानं माणसं वाचली. अशा गाड्या मी महिन्यातून दोन-तीन बघतो, म्हणून हे हात जोडून सांगतो.

वेगवान गाडी घ्यायची हौस असेल तर जरूर घ्या, कष्टाचा पैसा आहे तुमचा. पण चालवून बघायला एकटे जाऊ नका. घरातलं म्हातारं माणूस मागच्या सीटवर बसवा, रोजचं ओझं डिकीत टाका, खराब रस्त्यावर न्या, मोकळ्या जागी जोरात थांबवून बघा, आणि एकदा रात्रीही चालवा. शोरूमवाला नाही म्हणाला तर दुसरीकडं जा. आपल्या बापजाद्यांनी जुंपल्याशिवाय बैलाचे पैसे मोजले नाहीत. गाडीचेही मोजू नका.