जुनी शॉकअपवाली सायकल घेताना

दहावीपर्यंत पोरगी गावात नाहीतर शेजारच्या गावात शिकते. अकरावीसाठी बाभुळगाव गाठायचं म्हटलं, की एसटीची वेळ जुळत नाही, ऑटोचं भाडं परवडत नाही आणि शिक्षण तिथंच थांबतं. म्हणून गटाच्या बैठकीत सायकलीसाठी कर्जाची मागणी येते. पोरींना हवी असते जाड टायरची, मागे-पुढे शॉकअप असलेली सायकल, जिला आपण रेंजर म्हणतो. नवी महाग पडते, म्हणून जुनी शोधतात. ती पारखायची कशी आणि दुरुस्त करायची कशी, ते आज सांगते.

गंमत अशी, की ही सायकल जुन्यातूनच जन्मली. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही तरुण तीस-चाळीस वर्षं जुन्या, दणकट सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावर पळवू लागले. उतारावर ब्रेक एवढा तापायचा, की आतलं ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावं लागे. त्यांच्या खटपटीतून डोंगरी सायकल आली. तिच्यावर शॉकअप रुळले ते 1990 नंतर.

आधी गरज बघा. पांदण रस्ता, दगड, खड्डे असतील तर शॉकअप कामाचे. सगळा डांबरी रस्ता असेल, तर साधी सायकलच बरी. शॉकअपवाली वजनदार असते, आणि पायडल मारताना थोडा जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो. शिवाय मागच्या शॉकअपमुळे तिला मजबूत कॅरिअर नीट बसत नाही. चाऱ्याचा भारा किंवा पाण्याची कॅन न्यायची असेल, तर ही सायकल घेऊ नका.

आता पारख. पहिली फ्रेम. मागचा भाग जिथं हलतो, तिथं एक बोल्ट आणि बुश असतं. त्याच्या आजूबाजूचं वेल्डिंग फडक्यानं पुसून उजेडात बघा. केसाएवढी जरी चीर दिसली, तरी सायकल सोडून द्या, किंमत कितीही कमी असली तरी. मग सीट धरून मागचं चाक आडवं हलवा. टकटक वाजलं तर बुश झिजलंय. ते बदलता येतं, पण त्याचा खर्च आधी विचारा.

दुसरं, स्प्रिंग. सीटवर दोन्ही हातांनी जोर द्या. ती खाली जाऊन परत वर आली पाहिजे. स्प्रिंग बदलायची झाली, तर दोन्ही टोकांच्या बोल्टांच्या मधोमध अंतर मोजून तेवढ्याच मापाची आणा. स्प्रिंग ताणात असताना खोलू नका, आधी तिच्यावरची फिरती चकती सैल करा.

तिसरं, चेन. इथं आपली शिवणकामाची टेप कामी येते. चेनच्या एका पिनपासून पुढच्या चोविसाव्या पिनपर्यंत मोजा. बरोबर 12 इंच भरलं तर चेन चांगली. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग जास्त भरला, तर चेनबरोबर मागचं फ्रीव्हीलही झिजलेलं असणार. दोन्ही बदलावी लागतील.

चौथं, चाकं. उचलून फिरवा. रिम लचकत असेल तर मेकॅनिक तारा ताणून आउट काढून देतो. टायरला भेगा असतील तर नवा लागेल. टायरवर छापलेलं मापच दुकानात सांगा.

दुरुस्तीत पुष्कळ काम घरी होतं. गंज पॉलिश पेपरनं घासा, रेड ऑक्साइड लावून मग रंग द्या. छर्रे काढून डिझेलनं धुवा, नवं ग्रीस भरा. चेनला तेल द्या, पण रिमवर किंवा ब्रेकच्या रबरावर थेंबही पडू देऊ नका, नाहीतर ब्रेक लागणार नाही. ब्रेकची वायर आणि रबरं मात्र नवीनच टाका. तिथं दहा-वीस रुपये वाचवू नका. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक अडतं, म्हणून मडगार्ड थोडं वर उचलून बसवा.

आता पैसा. सायकलीची किंमत, लागणारं सामान आणि मजुरी कागदावर लिहून बेरीज करा. बेरीज नव्या साध्या सायकलीच्या निम्म्याहून वर गेली, तर जुनीचा नाद सोडा. विकणाऱ्याकडून नाव, तारीख आणि सहीची पावती घ्या, कारण चोरीची सायकल निघाली तर त्रास आपल्याला होतो. आणि कर्ज काढण्याआधी शाळेत चौकशी करा. मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते.

गटातून कर्ज दिलं तर नोंदवहीत कारण स्पष्ट लिहा: मुलीच्या शिक्षणासाठी सायकल. पुष्कळ घरांत सायकल येते पोरीच्या नावानं आणि वापरतो भाऊ. म्हणून कुलपाची किल्ली तिच्याच हातात द्या. पंक्चर काढायला आणि ब्रेक आवळायलाही तिला शिकवा, म्हणजे रस्त्यात सायकल अडली तर ती कुणाची वाट बघत बसणार नाही.