देव वेगळे, पण रक्ताचे काय?

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडची जत्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा अनेक राज्यांतून गोंड बांधव तेथील गुहेच्या दर्शनाला येतात. जत्रा आटोपली आणि मोहफुले वेचण्याचा हंगाम जवळ आला की गावोगावी सोयरिकीची बोलणी सुरू होतात. उन्हाळ्यात मांडव पडतात. म्हणून आज लग्न हाच विषय घेतला आहे. आरोग्याच्या सदरात लग्नाचे काय काम, असे कोणी विचारील. पण आपल्या भागातील एका मोठ्या आजाराची वाट लग्नाच्या मांडवातूनच जाते. तो आजार म्हणजे सिकलसेल.

देव विचारण्याची रीत

गोंड परंपरेत पारी कुपार लिंगो हे धर्मगुरू मानले जातात. कचारगडच्या गुहेत कोंडलेली मुले बाहेर आली, जंगो रायताडने त्यांचा सांभाळ केला आणि लिंगोने त्यांना शिकवून त्यांची कुळे पाडली, अशी कथा आहे. प्रधान गायक किंग्रीवर ही कथा पिढ्यान् पिढ्या गात आले. एकूण साडेसातशे कुळे सांगितली जातात. प्रत्येक कुळाने एक प्राणी, एक पक्षी आणि एक झाड जपायचे, असाही दंडक आहे.

ही कुळे देवांच्या संख्येवरून गटांत विभागलेली आहेत. कोणी चार देवे, कोणी पाच देवे, कोणी सहा देवे, तर कोणी सात देवे. एका देवाची माणसे आपसांत भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही. वेगळ्या देवाची माणसे ती सोयरे. म्हणून सोयरीक ठरवताना मुलाचे शेत किती, हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारतात, 'तुम्ही किती देवांचे?'

वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर ही रीत मोठी शहाणपणाची आहे. जंगलातल्या लहान वस्त्या, पाच-पंचवीस घरे, जाणे-येणे मर्यादित. अशा ठिकाणी एकाच घराण्यातील लग्ने टळावीत, यासाठी पूर्वजांनी घातलेले हे कुंपण आहे. कोणताही जुना कागद नसताना शेकडो वर्षे ते केवळ स्मरणावर टिकले.

मात्र या कुंपणाला एक मर्यादा आहे. देव बापाकडून येतो. रक्तातले गुणदोष मात्र आई आणि बाप दोघांकडून येतात. माडावीची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या कुळात जाते, तेव्हा तिची मुले नवऱ्याच्या देवाची होतात. पण तिच्या माहेरचे रक्त तिच्याबरोबर सासरी गेलेले असते. त्याची नोंद देवाच्या हिशेबात होत नाही.

त्यात भर आणखी एका चालीची. मध्य प्रदेश-छत्तीसगडकडे तिला 'दूध लौटावा' म्हणतात. एका घराने मुलगी दिली की पुढच्या पिढीत तिची मुलगी त्या घराने सून म्हणून मागायची, म्हणजे दिलेले दूध परत आले. आत्याची मुलगी आणि मामाचा मुलगा यांचे हे लग्न. देव वेगळे असल्याने रीतीला ते मान्य आहे. आणि ही चाल काही आदिवासींपुरतीच नाही. आपल्या मराठी मुलखात कितीतरी जातींमध्ये आते-मामेभावंडांची लग्ने आजही होतात. तेव्हा बोट एका समाजाकडे दाखवून चालणार नाही.

आजार काय आहे

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. अगदी बारीक रक्तवाहिनीतूनही त्या वाकून पुढे सरकतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिनच्या घडणीत एका ठिकाणी लहानसा बदल झाला, की हिमोग्लोबिन 'एस' तयार होते. प्राणवायू कमी पडला किंवा शरीरातले पाणी कमी झाले, की अशा हिमोग्लोबिनची पेशी कडक आणि विळ्यासारखी वाकडी होते. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. या वाकड्या पेशी रक्तवाहिनीत अडकतात आणि पुढचा रक्तपुरवठा तुंबतो. मग असह्य वेदना सुरू होतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रुग्ण फिका दिसतो आणि डोळे पिवळे होतात.

अमेरिकेत १९१० साली डॉ. हेरिक यांनी या आजाराचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये या पेशी आढळल्या. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांचा लेख १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. महाराष्ट्रातील माडिया, प्रधान, पावरा, भिल्ल अशा काही समाजांत शंभरात २० ते ३५ जणांपर्यंत वाहक आढळले आहेत. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागास समाजांतही हा आजार आहे.

हा दोष जंगलपट्ट्यातच इतका का? उत्तर हिवतापात आहे. ज्याच्याकडे हा दोष फक्त एका बाजूने आला, त्या वाहकाला लहानपणच्या जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते, हे १९५४ साली ॲलिसन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. डासांनी भरलेल्या जंगलात अशी माणसे अधिक जगली आणि दोष वाढत गेला. म्हणजे हा कोणाचा शाप नाही की कोणाच्या पापाचे फळ नाही. एका आजाराशी झुंजताना रक्ताने मोजलेली ती किंमत आहे.

हिशेब समजून घ्या

ज्याच्याकडे दोष एकाच पालकाकडून आला तो वाहक. त्याच्या कार्डावर 'एएस' लिहिलेले असते. तो रुग्ण नव्हे. शेती, नोकरी, बाळंतपण सर्व काही तो इतरांसारखे करू शकतो. दोन्हीकडून दोष आला तर 'एसएस', तो रुग्ण. निरोगी माणूस 'एए'.

वाहक आणि निरोगी यांचे लग्न झाले तर एकही मूल सिकलसेलचे रुग्ण होणार नाही. काही मुले वाहक होतील इतकेच. रुग्ण आणि निरोगी यांची सर्व मुले वाहक होतील, रुग्ण एकही नाही. धोका आहे तो दोन वाहकांच्या लग्नात. प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नव्हे. प्रत्येक वेळी हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. रुग्ण आणि वाहक यांच्या लग्नात ही शक्यता दोनात एक होते.

आता दूध लौटाव्याचा विचार करा. मुलगा वाहक असेल, तर त्याच्या आतेबहिणीकडे तोच दोष त्याच घरातून आलेला असण्याची शक्यता आठात एक आहे. गावात मुळातच वाहक पुष्कळ असतील तर धोका त्याहून वाढतो.

धानोरा भागातील एक जोडपे माझ्याकडे आले होते, तेही मामाचा मुलगा आणि आत्याची मुलगी. देव वेगळे, सोयरीक रीतीप्रमाणे. आठ महिन्यांच्या बाळाचे दोन्ही हात आणि पाय सुजलेले. घरच्यांना बाहेरची बाधा वाटली होती. सुजलेल्या पायावर तापल्या लोखंडाचा डाग दिलेला होता. थोरल्या मुलाचेही सांधे दुखत आणि डोळे पिवळे असत. दोघेही 'एसएस' निघाले. सासरी त्या बाईला बोल लावला जात होता, की हिचीच कूस खराब. मी नवऱ्याचे रक्त तपासायला सांगितले. तोही वाहक होता. दोघांनी सारखाच वाटा दिला होता. आजोबांना हे समजावून सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "देव तर आम्ही विचारला होता." त्यांचे खरेच होते. रीतीने जे विचारायला सांगितले, ते त्यांनी विचारले होते.

कार्ड लपवू नका, कार्डावरून मुलगी नाकारू नका

तपासणी वाढली तशी दुसरी अडचणही उभी राहिली आहे. मुलगी वाहक आहे एवढे कळताच सोयरीक मोडते. मुलाचे कार्ड मात्र कोणी मागत नाही. हा अन्याय आहे आणि शास्त्रालाही धरून नाही. वाहक मुलीसाठी निरोगी मुलगा पाहिला की प्रश्न संपला. पण अशा भीतीने लोक कार्ड ट्रंकेच्या तळाशी दडवतात, आणि मग दोन वाहक नकळत एकत्र येतात.

माझे सांगणे गावातील भूमक, पेरमा आणि जाणत्या मंडळींना आहे. देव विचारण्याची रीत मोडू नका. तिच्या शेजारी आणखी एक प्रश्न ठेवा, 'दोघांची रक्ततपासणी झाली का?' दोघांची, एकट्या मुलीची नव्हे. हा प्रश्न मागणी घालण्यापूर्वी विचारा. देज ठरल्यावर, पाहुण्यांना सांगावा गेल्यावर विचारून फक्त मनस्ताप होतो. खरे तर शाळेत असतानाच मुलामुलींची तपासणी व्हावी.

तपासणी सोपी आहे. बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात. या पहिल्या चाचणीत दोष आहे एवढेच कळते, वाहक की रुग्ण हे कळत नाही. त्यासाठी पुढची चाचणी करावीच लागते. सहा महिन्यांखालील बाळाला पहिल्या चाचणीवरून निरोगी समजू नये. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे तिचे उद्दिष्ट आहे. आपल्या उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी.

दोन वाहकांचे लग्न झालेलेच असेल तर घाबरू नये, पण दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना सांगावे. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी मोठ्या रुग्णालयात करता येते. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा, सासूचा किंवा गावाचा नव्हे.

रुग्ण घरात असेल तर

पाणी भरपूर प्यायला द्यावे. उन्हात राबणे, थंडीत भिजणे आणि अतिश्रम टाळावेत. लग्नात, पंडुमात मोहाची दारू आग्रहाने दिली जाते. रुग्णाने ती घेऊ नये. दारूने शरीरातले पाणी कमी होते आणि वेदनेचा झटका येऊ शकतो. फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनेचे झटके कमी होतात. ते नियमित आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. मूल होऊ द्यायचे असेल तर नवरा-बायको दोघांनीही ते आधी डॉक्टरांच्या कानावर घालावे. लहान मुलांच्या सर्व लशी वेळेवर टोचून घ्याव्यात. मच्छरदाणी रोज वापरावी. हिवताप वाहकाला थोडा चुकतो, पण रुग्णाला तो फार घातक ठरतो.

ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक पांढरे पडून पोट फुगणे, एका बाजूची शक्ती जाणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. पुजाऱ्याला नारळ द्यायचा असेल तर जरूर द्यावा, पण गाडी आधी बोलवावी. डाग मात्र कोणालाही देऊ देऊ नये. त्याने वेदना थांबत नाही, जखम मात्र चिघळते.

सिकलसेल २०१६ च्या कायद्यानुसार दिव्यांगत्वाच्या यादीत आहे. पात्र रुग्णांना प्रमाणपत्र मिळू शकते. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करावा आणि तपासणीचे मूळ कागद सोबत न्यावेत. ज्यांच्या घरी या उन्हाळ्यात कार्य आहे, त्यांनी पत्रिका छापायला टाकण्याआधी दोन्ही घरची कार्डे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.