कोळशाच्या वाटेने आलेली कला

शांघायमध्ये हुआंगपू नदीच्या काठी 165 मीटर उंचीचं एक धुराडं आहे. त्यातून धूर निघत नाही. रात्री त्याच्या अंगावर दिव्यांची पट्टी उजळते आणि ती शहराचं तापमान दाखवते. इतका प्रचंड थर्मामीटर कुठे पाहिलाय? खालची इमारत म्हणजे पूर्वीचं नानशी वीजकेंद्र. 2010च्या जागतिक प्रदर्शनात ती दालन म्हणून वापरली गेली, आणि 1 ऑक्टोबर 2012ला तिथे ‘पॉवर स्टेशन ऑफ आर्ट’ सुरू झालं. चीनच्या मुख्य भूमीवरचं हे पहिलं सरकारी समकालीन कलासंग्रहालय.

पण कलेला वीजकेंद्रच का मानवावं? थोडा विचार करा. अजस्र यंत्रं बसवायची, तर वर उंच छत हवं, मधे खांब नकोत आणि जमीन शेकडो टनांचं ओझं पेलणारी हवी. आजच्या कलावंताच्या मागण्या काढा, यादी जवळपास हीच निघते! भिंतीवर टांगायच्या चित्रासाठी दिवाणखाना पुरतो हो. पण अख्खी बोट दालनात आणायची असेल तर?

ही थट्टा नाही. 2014 साली त्साय ग्वो-च्यांग या चिनी कलावंताने एक जुनी मासेमारीची बोट घेतली आणि तिच्यावर 99 कृत्रिम प्राणी चढवले. वाघ, पांडा, उंट, सगळे थकून माना टाकलेले. ही बोट हुआंगपूतून, काठावरच्या गगनचुंबी इमारतींसमोरून नेऊन या संग्रहालयात ठेवली. आता गंमत बघा. वीजकेंद्र नदीकाठी असतं, कारण कोळसा बोटीतून आणणं स्वस्त पडतं आणि यंत्रं थंड करायला पाणी हाताशी लागतं. ज्या नदीच्या भरवशावर हे वीजकेंद्र उभं राहिलं, तिच्याच पाण्यावरून कलाकृती आली. त्याच प्रदर्शनासाठी आतली जमीन फोडून काळ्या शाईचं तळंही केलं होतं. संगमरवरी फरशीच्या संग्रहालयात हे कुणी करू दिलं असतं?

नदीकाठाने नैऋत्येला गेलात की ‘वेस्ट बंड’ लागतो. इथे कोळशाचा धक्का होता, विमानतळ होता, गोदामं होती. जुन्या धक्क्यावर 2014 साली उघडलेलं ‘लाँग म्युझियम’ मला सगळ्यांत चकित करतं. समोर काँक्रीटचा सुमारे 110 मीटर लांबीचा पूल उभा आहे, 1950च्या दशकातला. कोळसा उतरवण्यासाठी तो बांधला होता. तो पाडला नाही. उलट संग्रहालयच त्याला येऊन भिडलं.

वास्तुरचनाकारांपुढे भलताच पेच होता. जागेवर आधीपासूनच भूमिगत पार्किंग बांधलेलं होतं, म्हणजे पाया दुसऱ्याच कामासाठी घातलेला. ‘आतेलिए देसहाउस’ या शांघायच्याच कार्यालयाने त्या तळघरातल्या खांबांच्या जाळीत नव्या काँक्रीटच्या भिंती रोवल्या. जमिनीच्या वर येताच या भिंती दोन्ही बाजूंना वळतात आणि छत होतात. भिंत कुठे संपली, छत कुठे सुरू झालं, बोट ठेवून दाखवता येत नाही. पावसात बसस्टॉपवर शेजारीशेजारी धरलेल्या छत्र्यांमधून एखादी धार खांद्यावर येतेच ना? इथे तशाच दोन काँक्रीटच्या छत्र्यांच्या फटीतून उजेड आत उतरतो. आणि वातानुकूलनाचे पाइप, वायरी? त्या पोकळ भिंतींच्या पोटात.

या संग्रहालयाचे मालकही काही साधे नाहीत. ल्यू यीच्यान एके काळी टॅक्सी चालवायचे. 2015 साली त्यांनी इटालियन चित्रकार मोदिग्लिआनीचं एक चित्र 17 कोटी डॉलरना घेतलं आणि पैसे भरले क्रेडिट कार्डाने. या माणसाची चित्रांची निवड मला नेहमी पटत नाही, पण घर त्याने चित्रांना फार देखणं दिलं.

पुढे ‘टँक शांघाय’. जुन्या लाँगह्वा विमानतळाच्या इंधनाच्या पाच टाक्या, 2019 साली कलेसाठी खुल्या झालेल्या. पण गोल टाकीत चौकोनी चित्र टांगायचं कसं? ‘ओपन आर्किटेक्चर’ या कार्यालयाने पाचही टाक्यांना एकच उत्तर लावलं नाही. एका टाकीच्या आत चक्क चौकोनी दालन बसवलं. एक टाकी मधोमध पोखरून अंगण केलं. एक जवळपास तशीच ठेवली, फक्त तिच्या घुमटातली काचेची गोल खिडकी उघडते, म्हणजे हवं तर पाऊस थेट कलाकृतीवर पडू द्यायचा! विमानांचं पेट्रोल ज्या पत्र्याआड थेंबभर पाणी न शिरता साठवायचं, त्याच पत्र्याला आता पावसासाठी दार आहे.

अशा जागांत कोण काय मांडतं, हा वेगळा विषय. एवढं मात्र सांगतो, की दर दोन वर्षांनी भरणाऱ्या ‘शांघाय बिएनाले’ या कलाप्रदर्शनाची 2016 सालची सूत्रं दिल्लीच्या ‘रॅक्स मीडिया कलेक्टिव्ह’ या कलावंतांच्या गटाकडे होती आणि ते प्रदर्शनही पॉवर स्टेशनच्या धुराड्याखालीच भरलं होतं.

गेलात तर सोमवार टाळा, पॉवर स्टेशन त्या दिवशी बंद असतं. आणि आत शिरल्यावर लगेच चित्रांकडे धावू नका, आधी मान वर करून छत बघा.