गोठणबिंदूखालील कॅमेरा

म्हैसूर शहरात कडाक्याची थंडी अशी पडतच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसलेल्या या नगरीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा-सोळा अंश सेल्सिअसच्या आसपास उतरतो, शाली बाहेर निघतात आणि ऊन वर आले की पुन्हा घडी होऊन कपाटात जातात. पाणी गोठलेले पाहायचे असेल तर येथील माणसाला शीतकपाट उघडावे लागते. आणि तरीही गोठणबिंदूच्या खूप खाली कॅमेरा कसा वागतो, हा प्रश्न या शहराला परका नाही. १९९६ साली स्थापन झालेल्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेचे ठाणे म्हैसूरला आहे, आणि या संस्थेच्या कार्यक्षेत्रांपैकी एक तेथून दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या खोऱ्यात आहे. स्पितीतील किब्बर हे गाव सुमारे ४,२०० मीटर उंचीवर आहे. हिवाळ्याच्या रात्री तेथे पारा शून्याखाली वीस-पंचवीस अंशांपर्यंत जातो. अशा रात्री डोंगराच्या धारेवर एक लहानशी पेटी एकटीच उभी असते. तिच्यात एक डिजिटल कॅमेरा असतो आणि तो हिमबिबट्याची वाट पाहत असतो.

हिमबिबट्या माणसाच्या दृष्टीस क्वचितच पडतो. त्याचा राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा अंगरखा खडकांत असा मिसळून जातो की पन्नास पावलांवरचे जनावरही ओळखू येत नाही. म्हणून त्याची गणना करण्यासाठी ‘कॅमेरा ट्रॅप’ या साधनाचा आधार घेतला जातो. समोरून उष्ण शरीराचा प्राणी हलला की या साधनातील संवेदक तो फरक टिपतो आणि छायाचित्र आपोआप घेतले जाते. प्रत्येक हिमबिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना निराळी असते. तिच्यावरून हा तोच की दुसरा, हे ठरविता येते. भारतातील हिमबिबट्यांची पहिली देशव्यापी गणना २०१९ ते २०२३ या काळात झाली. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिचे संयोजन केले. बर्फाळ प्रदेशातील राज्यांची व केंद्रशासित प्रदेशांची वनखाती, म्हैसूरची ही संस्था आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडिया यांचा तीत सहभाग होता. सुमारे १,२०,००० चौरस किलोमीटरांच्या मुलखात १,९७१ ठिकाणी कॅमेरे लावण्यात आले. २४१ निरनिराळी जनावरे त्यांत टिपली गेली, आणि त्यांवरून देशातील हिमबिबट्यांची संख्या ७१८ असावी असा अंदाज जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

या आकड्यामागे कित्येक रात्री न विझलेल्या बॅटऱ्या उभ्या आहेत. थंडीत कॅमेऱ्याचे काय होते, हा प्रश्न म्हणूनच केवळ हौशी प्रवाशाचा नाही.

बॅटरीचे मांद्य

फिल्म वापरणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांना थंडीचा त्रास निराळ्या प्रकारे होई. फिल्म कडक होऊन तडकत असे, वंगण घट्ट होऊन झडप मंदावत असे. १९१० साली निघालेल्या स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेत हर्बर्ट पाँटिंग हा छायाचित्रकार होता. काम करता करता त्याची जीभ कॅमेऱ्याच्या धातूला लागली आणि तेथेच गोठून चिकटून बसली. परंतु त्या काळातील बहुतेक कॅमेरे स्प्रिंगवर आणि माणसाच्या बोटांवर चालत. त्यांना विजेची गरज नसे. डिजिटल कॅमेऱ्याचा प्राण मात्र बॅटरीत असतो, आणि थंडीचा पहिला आघात बॅटरीवरच होतो.

बॅटरी ही विजेची भरलेली घागर नव्हे. तिच्यात रासायनिक क्रिया चालू असेल तरच वीज निर्माण होते, आणि रासायनिक क्रिया तापमान उतरले की मंदावतात. विद्युत्‌भारित कण ज्या द्रवातून एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात तो द्रव थंडीने दाट होतो, कणांची चाल संथ होते आणि बॅटरीचा अंतर्गत विरोध वाढतो. मग कॅमेऱ्याने एकदम अधिक प्रवाह मागितला की बॅटरीचा दाब कोसळतो. कॅमेऱ्याला वाटते की बॅटरी संपली, आणि तो बंद पडतो. वस्तुतः तिच्यातील साठा बहुतांशी तसाच असतो. तो बाहेर येण्याची वाट तेवढी अरुंद झालेली असते. कॅमेऱ्यातील लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली वीस अंशांवर आपल्या एरवीच्या सामर्थ्याच्या निम्मेच काम देते, कधी त्याहूनही कमी. तीच बॅटरी अंगातील सदऱ्याच्या आतल्या खिशात काही वेळ ठेवली की पुन्हा काम देऊ लागते.

यावरून पहिला नियम निघतो. थंड प्रदेशात दोन बॅटऱ्या जवळ असाव्यात. एक कॅमेऱ्यात, दुसरी अंगाच्या उबेत. पहिली मंदावली की त्यांची अदलाबदल करावी. मंदावलेली बॅटरी मृत समजून फेकून देऊ नये, आणि ती थंड असतानाच विजेवर भरण्यासही लावू नये. शून्याखालील तापमानात लिथियम-आयन बॅटरी भरू लागल्यास लिथियमचे कण ऋण ध्रुवातील ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतात. हे नुकसान कायमचे असते. थंडीने जे घेतले होते ते उबेने परत मिळाले असते. घाईने जे गेले ते परत येत नाही.

पडदा आणि संवेदक

कॅमेऱ्याच्या पाठीवरील द्रवस्फटिकाचा पडदाही थंडीत आळसावतो. त्यातील द्रव दाटल्यामुळे चित्र उशिरा उमटते आणि हलत्या वस्तूमागे सावली ओढल्यासारखी दिसते. गरम झाला की पडदा पूर्ववत होतो. याउलट ज्या संवेदकावर चित्र उमटते त्याला थंडी मानवते. उष्णतेमुळे संवेदकात प्रकाश नसतानाही काही इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि चित्रात खोटे ठिपके उमटवितात. थंडीत हा गोंगाट कमी होतो. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीला जोडलेले संवेदक मुद्दाम थंड ठेवतात. लडाखमधील हानले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, २ मीटर व्यासाची हिमालयीन चंद्र दुर्बीण आहे. बंगळूरजवळच्या होसकोटे येथून ती उपग्रहामार्फत चालविली जाते. तिच्या संवेदकालाही हेच तत्त्व लागू आहे.

सारांश, थंडी ही कॅमेऱ्याची सर्वस्वी वैरीण नव्हे. ती त्याला मंद करते. त्याला बिघडविणारा शत्रू निराळाच आहे, आणि तो बहुधा उबदार खोलीत दबा धरून बसलेला असतो.

परतीचा धोका

तो शत्रू म्हणजे ओल. हवेत किती बाष्प मावते हे तिच्या तापमानावर अवलंबून असते. वीस अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावू शकते. शून्याखाली वीस अंशांच्या तेवढ्याच हवेत अवघे १ ग्रॅम. दिवसभर बर्फात फिरून माणूस कॅमेऱ्यासह घरात येतो. घरात चूल पेटलेली असते, चहाचे आधण उकळत असते, चार माणसांचा श्वास हवेत मिसळत असतो. ही दमट हवा गोठलेल्या कॅमेऱ्याला स्पर्श करताच स्वतः थंड होते, तिच्यातील बाष्प तिला पेलवत नाही आणि ते पाणी होऊन कॅमेऱ्यावर बसते. बाहेरचे पाणी पुसता येते. पण हवा फटींतून आतही शिरते, आणि भिंगांच्या पाठीमागे व विद्युत्‌मंडलांवर दव साचते. असा ओला कॅमेरा तसाच पुन्हा बाहेर नेला तर आतील पाण्याचा बर्फ होतो. घरात ठेवला तर कालांतराने गंज आणि बुरशी.

याचा उपाय फार साधा आहे. घरात शिरण्यापूर्वी, बाहेरच्या थंड व कोरड्या हवेतच, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड घट्ट बंद करावे. पाच लिटरांच्या पिशवीत कोंडल्या गेलेल्या अशा हवेत बाष्प असते फार तर ५ मिलिग्रॅम. पिशवी आत आणली की दव पडते ते पिशवीच्या बाहेरच्या अंगावर. कॅमेरा कोरडा राहतो. कॅमेरा खोलीइतका गरम होईपर्यंत, म्हणजे साधारण एक-दोन तास, पिशवी उघडू नये. चूल, हीटर किंवा केस वाळविण्याचे यंत्र यांच्यापुढे धरून हा काळ आखडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. दिवसभराची चित्रे पाहण्याची उत्सुकता ज्यांना आवरत नाही त्यांनी स्मृतिपत्र, म्हणजे मेमरी कार्ड, बाहेरच काढून खिशात ठेवावे. मग कॅमेऱ्याला त्याच्या वेळेने गरम होऊ द्यावे.

हे खरे की खोटे, याचा पडताळा म्हैसूरच्या स्वयंपाकघरातही घेता येतो. स्टीलच्या दोन कोरड्या वाट्या घ्याव्यात. एक तशीच, आणि दुसरी पिशवीत घालून, हवा दाबून काढून, तोंड बांधून, शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात अर्धा तास ठेवावी. दोन्ही बाहेर काढताच उघडी वाटी क्षणात धुरकट होईल आणि मिनिटा-दोन मिनिटांत तिच्यावरून थेंब ओघळतील. दुसरीची पिशवी बाहेरून ओली होईल. ती पुसून, वाटी खोलीइतकी उबदार झाल्यावर उघडावी. आतील वाटी कोरडी असेल. पावसाळ्यात हा प्रयोग केल्यास फरक अधिकच ठसठशीत दिसेल. प्रयोगास वाटीच घ्यावी, कॅमेरा घेऊ नये.

घराबाहेर पडतानाही थोडे सबुरीने घ्यावे लागते. कॅमेऱ्याचे भिंग गरम असेल तर त्यावर पडलेला हिमकण वितळतो आणि मग तेथेच गोठतो. म्हणून कॅमेरा काही वेळ बंद पेटीतच बाहेरच्या हवेस सरावू द्यावा. डोळा लावताना श्वास बाजूला सोडावा, आणि भिंगावरील हिमकण फुंकरीने नव्हे, तर मऊ कुंचल्याने झटकावे. फुंकरीतील बाष्पाचा तेथेच बर्फ होतो.

एकाकी कॅमेरा

आतापर्यंतच्या सर्व उपायांत कॅमेऱ्याजवळ माणूस आहे. डोंगराच्या धारेवरील कॅमेरा ट्रॅपजवळ तो नसतो. बॅटरीला ऊब देणारा खिसा तेथे नाही. रात्रीच्या चित्रासाठी अवरक्त प्रकाशाचा झोत लागतो, आणि नेमक्या सर्वांत थंड प्रहरी बॅटरीकडून सर्वांत अधिक प्रवाह मागितला जातो. हिमबिबट्याचा मीलनकाळ जानेवारी ते मार्च असा असतो. त्या दिवसांत तो धारेवरील खडकांवर गंधाच्या खुणा अधिक ठेवतो. म्हणजे कॅमेऱ्याचे काम जेव्हा सर्वांत मोलाचे, तेव्हाच ते सर्वांत बिकट असते.

तेथे बॅटरीची निवड आधीच विचारपूर्वक करावी लागते. नेहमीच्या अल्कलाइन घटातील द्रव पाण्यात विरघळविलेला असतो. शून्याखाली वीस अंशांच्या सुमारास तो जवळजवळ हात टेकतो. एकदाच वापरावयाच्या लिथियमच्या घटात पाणी नसते, सेंद्रिय द्रव असतो. तो शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत काम देऊ शकतो, आणि वजनालाही हलका असतो. तो महाग आहे. परंतु चार तासांची चढण चढून बॅटरी बदलावयास जाणाऱ्या माणसाचे श्रम हिशेबात धरले तर तो स्वस्त ठरतो. शिवाय पेटी साचणाऱ्या बर्फात बुडू नये अशा जागी बसवावी लागते, आणि पेटीच्या झाकणाखाली ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी लागते.

एवढ्या काळजीचे कारण गणनेच्या पद्धतीत आहे. एखाद्या कॅमेऱ्यात दोन महिने हिमबिबट्याचे एकही चित्र आले नाही, तर त्याचे दोन अर्थ संभवतात. जनावर तेथे आले नाही. किंवा जनावर आले, पण कॅमेरा मिटलेला होता. पहिला अर्थ म्हणजे माहिती; दुसरा म्हणजे केवळ अज्ञान. प्रत्येक कॅमेरा किती रात्री जागा होता, हे गणिताला सांगावेच लागते. मिटलेल्या रात्री जागत्या म्हणून मोजल्या तर जनावरांची संख्या प्रत्यक्षापेक्षा कमी येते. म्हणूनच प्रत्येक चित्राखाली उमटणारी तारीख, वेळ आणि तापमान यांना चित्राइतकेच महत्त्व असते. कॅमेऱ्याने रोज ठरलेल्या वेळी एक चित्र आपोआप घ्यावे अशी योजना करून ठेवली, तर तो कोणत्या दिवशी मिटला हे नेमके कळते. देशव्यापी गणनेतील अशा कॅमेरा-रात्रींची बेरीज सुमारे १,८०,००० होती.

हिमाचल प्रदेशातील सुमारे २६,००० चौरस किलोमीटरांच्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २०२१ साली जाहीर झाले, कॅमेरे लावण्याच्या कामी किब्बर गावातील तरुण पुढे होते. थंडी म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. कोणत्या धारेवर वारा बर्फ साचू देत नाही आणि कोणत्या घळीत तो कमरेइतका चढतो, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. बॅटरीचे रसायन आणि गणनेचे गणित शास्त्रज्ञांनी आणले. डोंगराचे ज्ञान गावाचे होते.

पेटी एकदा बंद करून माणूस खाली उतरला की तिची कोणतीही चूक त्याला महिनोन्महिने सुधारता येत नाही. म्हणून ती बंद करण्यापूर्वी घट, पुडी, घड्याळ आणि झाकणाची कडी पुन्हा एकवार तपासली जाते, हातमोज्यातील बोटे बधिर झालेली असली तरी. बर्फातून घरी परतून पिशवी उघडण्यापूर्वी दोन तास थांबणारा प्रवासीही निराळे काही करीत नाही. थंडी कॅमेऱ्याला मंद करते. तिच्यात माणसाने आपली घाई मिसळली नाही, तर ती त्याचे फारसे वाकडे करू शकत नाही.